न झालेल्या अरंगेत्रमनंतर

१२ मे २०१९

नीटची परीक्षा देऊन आठवडा झाला आणि त्यातलं सगळं मी विसरूनही गेले. ती परीक्षा बाबांसाठी होती. बाबा तळोज्याला एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. कुठेही गेले की आधी आपत्कालीन दरवाजा शोधतात, अगदी लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. ‘नाच हवा तेवढा, पण एक दरवाजा उघडा ठेव,’ एवढंच त्यांचं म्हणणं. ठेवला. आता त्याच्याकडे बघायचं नाही.

कारण सोळा जूनला माझं अरंगेत्रम! गुरू आपल्या शिष्येला पहिल्यांदाच एकटीला रंगमंचावर सोडतात, तो दिवस. पनवेलचं फडके नाट्यगृह बुक झालंय. मृदंगमवाले काका चेंबूरहून तालमीला यायला लागलेत. आई शिंप्याकडे इतक्या वेळा गेलीय की तो तिला बघून दुकानात लपतो. अरुंधतीताईंकडे मी लहानपणापासून भरतनाट्यम शिकतेय, पण इतकी बोलणी कधीच खाल्ली नव्हती. हल्ली ताई खाली बसत नाहीत. उंच स्टुलावर बसून काठीने ठोकळ्यावर ताल देतात. वरून चुका जास्त दिसत असणार.

२१ मे

काल पडले. खरं तर पडलेही नाही. उडी मारून उतरले, पाऊल जमिनीला चिकटून राहिलं आणि बाकीची मी वळले. गुडघ्यात ‘टक्’ वाजलं. एवढ्या मोठ्याने, की मृदंगमवाल्या काकांचा हात थांबला. आज एमआरआय झाला. आतलं लिगामेंट पूर्ण तुटलंय. ऑपरेशन करायचं, मग बरेच महिने नाच नाही. ‘खेळाडूंना हे नेहमी होतं,’ असं डॉक्टर म्हणाले. मी खेळाडू नाही. आई रडायला लागली, त्यामुळे मला रडता आलं नाही.

१६ जून

ज्या वेळी मी स्टेजवर असणार होते, त्या वेळी ऑपरेशन झालेला पाय उशीवर ठेवून आंबा खात होते. शेवटचे आंबे, पाणचट.

संध्याकाळी अरुंधतीताई आल्या. आमची लिफ्ट बंद, तीन मजले चढून आल्या. घामाने डबडबलेल्या. खुर्चीत बसल्या आणि नुसत्या माझ्या गुडघ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पडल्यापडल्या जास्त ठणकतं का?’

‘हो ताई.’

‘कूस बदलताना?’

‘हो.’

‘हं.’

चहा न घेता गेल्या. अरंगेत्रमबद्दल अवाक्षर नाही. त्यांची वर्षभराची मेहनत मी एका उडीत घालवली. चिडल्या असणारच.

२७ जुलै

फिजिओथेरपिस्ट गुरुदत्त सर दिसायला मिठाईच्या दुकानाच्या मालकासारखे आहेत. पहिल्या दिवशी म्हणाले, ‘मांडी आवळ.’ मी आवळली. काहीच झालं नाही. एवढी वर्षं माझं सगळं ऐकणारी मांडी माझ्याच पलंगावर परक्यासारखी पडून होती. मी घाबरले. सर म्हणाले, ‘मेंदूने फोन लावलाय, मांडी उचलत नाहीये. पुन्हा लाव.’

रोज फोन लावत होतो. आज मांडीचा स्नायू एकदम थरथरला. ‘लागला! लागला!’ सर आणि मी दोघंही ओरडलो. बाहेर आपल्या नंबराची वाट बघणाऱ्या आजोबांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी सरांना सारखं ‘का’ विचारत असते. गुडघा सुजला तर मांडी का झोपते? पाऊल सपाट पडलं तर गुडघा आत का येतो? आम्हाला क्लासमध्ये ‘असं कर’ सांगायचे, ‘का’ कधी नव्हतं. सर वैतागून म्हणाले, ‘एवढं विचारतेस तर शिकायलाच जा ना. नीट दिली होतीस ना तू?’

मला हसू आलं. घरी जाताना रिक्षा पळस्प्याला पोचेपर्यंत ते थांबलं आणि विचार सुरू झाला.

४ सप्टेंबर

नीटच्या मार्कांवर बीपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीला, ॲडमिशन मिळाली! बाबा ‘दरवाजा’ हा शब्द उच्चारत नाहीयेत, पण सकाळपासून घरभर शीळ घालत फिरतायत.

ताईंना सांगायला लाइन आळीत क्लासवर गेले. त्या स्टुलावरच होत्या.

‘गुडघ्याचं शिकणार?’

‘सगळ्याचंच ताई. हाडं, सांधे, स्नायू.’

‘पण गुडघ्याचंही?’

‘हो.’

‘बरे होतात का गं गुडघे? झिजलेले? खरं सांग.’

हा टोमणा मलाच होता. म्हटलं, ‘अजून शिकायचंय.’

‘मग शिकून ये,’ म्हणाल्या आणि काठी आपटली. छोट्या मुली अरमंडीत बसल्या. अरमंडी म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं, आमच्या नाचाचा पायाच तो. दारात उभ्या उभ्या माझेही गुडघे वाकायला निघाले. त्यांना घेऊन मी घरी आले.

‘शिकून ये’ म्हणजे ‘तोवर तोंड दाखवू नकोस’. एवढं मराठी मला कळतं.

१८ फेब्रुवारी २०२०

आज कॉलेजात शवविच्छेदनाच्या तासाला गुडघा उघडला. दोन मुली चक्कर येऊन बाहेर गेल्या. मी मात्र सगळ्यांना कोपरांनी ढकलून पुढे. आत ती दोन लिगामेंटं फुलीसारखी एकमेकांवरून गेलेली. माझं जे तुटलं, ते एवढंसं! करंगळीएवढंही नाही. त्या एवढ्याशावर मी आयुष्यभर उड्या मारत होते. माझ्या मनात आलं की कुणीतरी अनोळखी माणसाने आपलं शरीर मला हे बघायला दिलं, आणि मी हात जोडले. ट्यूटरना वाटलं मला बरं वाटत नाहीये.

९ जून २०२१

लॉकडाऊनमध्ये फिजिओथेरपी ऑनलाइन शिकणं म्हणजे पुस्तक वाचून पोहणं. सगळा सराव बाबांवर. बाबांचा असा एकही स्नायू उरला नाही की ज्याचं नाव मी मोठ्याने म्हणून तो दाबला नाही. काल ते आईला म्हणाले, ‘ही परीक्षेला बसेल तेव्हा मलाही घेऊन जावं लागेल.’

२६ नोव्हेंबर २०२२

मला नवीन रोग जडलाय. माणूस चालताना दिसला की मी निदान करते. आमचा पोस्टमन उजव्या बाजूला झुकतो. समोरच्या काकूंची कंबर गेलीय. भाजीवाल्याची टाच दुखते. एकालाही मी सोडत नाही. गुरुदत्त सर म्हणतात, नजर तयार झाली.

आज फडके नाट्यगृहात ताईंच्या क्लासचा कार्यक्रम होता. शेवटच्या रांगेत बसून पाहिला. मुली सुंदर नाचल्या. माझे तळवे खुर्चीखाली नाचत होते. कार्यक्रमानंतर बाहेर पायऱ्यांपाशी थांबले, म्हटलं ताई दिसल्या तर नमस्कार करू. दिसल्या. रेशमी साडी, एक हात कठड्यावर, आणि एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत, थांबत थांबत, महाराणीसारख्या उतरल्या. काय तो रुबाब! मी समोर उभी. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, सगळं लक्ष पायऱ्यांवर. ओठ आवळलेले. अजून राग गेलेला नाही. मी गर्दीत मागे सरले.

२ जून २०२४

डिग्री झाली, इंटर्नशिप झाली, गुरुदत्त सरांकडे नोकरी लागली आणि आता सुट्टी काढून कर्जतजवळ योगशिक्षकाच्या कोर्सला आलेय. वाटलं होतं, आसनं म्हणजे आपल्या हातचा मळ. पहिल्या दिवशी मी जे काही वाकले! बाजूची बँकेतली बाई बघतच राहिली. आमच्या शिक्षिका दमयंतीबाई माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, ‘दिसतंय फार छान. श्वास घेतेस का पण?’

घेत नव्हते.

‘समोर कुणी बसलेलं नाहीये, आभा. कुणाला दाखवतेयस?’

शवासनात तर कहर. माझे पंजे ताणलेले आणि चेहऱ्यावर रंगमंचावरचं हसू. बाईंनी हळूच गालांवर बोटं टेकून ते उतरवलं. मग अचानक डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कानात जाईपर्यंत. कशाचं ते कळलं नाही, पण थांबवलंही नाही. नंतर दोन ताटं जेवले.

१५ जानेवारी २०२५

करंजाड्यात माझी स्वतःची जागा सुरू! तळमजल्यावर, एका बाजूला पोळीभाजी केंद्र, दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्ती. पाटी: ‘आभा: फिजिओथेरपी आणि योग’. बाबांनी आग विझवायचं नळकांडं भेट दिलं. गुरुदत्त सरांनी उद्घाटन केलं आणि जुनं व्यायामाचं टेबल दिलं, त्याचा एक पाय करकरतो. (‘त्याचीही थेरपी कर.’)

दिवसभरात एकच माणूस आला. त्याला फोनला काच लावून हवी होती.

९ फेब्रुवारी

पहिली खरी पेशंट! (आई आणि पोळीभाजीवाल्या काकू धरायच्या नाहीत.) जनीमावशी, उरण नाक्यावरच्या बाजारात मासे विकतात. दारातूनच विचारलं, ‘तूच काय गो ती नाचनारी डाक्टर?’

‘मी फिजिओथेरपिस्ट आहे मावशी. बसा ना.’

‘म्हंजे नाचाला नाय लावनार?’

‘नाही.’

‘मंग बरं. मना नाचाचं नाय, मना पाटी उचलाची हाय.’

उजवा खांदा पूर्ण आखडलेला. पाटी डोक्यावर जात नाही. अंबाडा सून घालून देते, आणि त्याचाच मावशींना जास्त राग आहे.

‘तुम्हाला माझं नाव कुणी सांगितलं?’

‘हाय एक बाय, माजं गिऱ्हाईक. सुके बोंबील नेते. माजा हात बगून तीच वराडली माज्यावर. बोलली, त्या आभाकडं जा, ती शिकून आलीय.’

कोण बाई ही? करंजाड्यातलीच कुणी असेल. पाटी वाचली असेल. पाटीचा उपयोग होतोय तर!

८ मार्च

मावशींना मी व्यायामाचा चित्रांचा कागद दिला होता. त्यात त्यांनी सुकट बांधून आणली, माझ्यासाठीच. व्यायाम एकही केलेला नाही.

मग डोकं चालवलं. म्हटलं, मुद्रा शिकवू, हात आपोआप वर जाईल. दोन्ही तळवे एकावर एक ठेवून अंगठे हलवले. ‘हा बघा मासा.’

मावशी हसून हसून टेबलावर आडव्या. टेबलही करकरलं. ‘ह्यो कंचा मासा गो? ह्यो जाल्यात सापडला तर आमी परत सोडून देऊ.’

शेवटी दाराला दोरी बांधली आणि जाळं ओढतात तसं ओढायला सांगितलं. ते जमलं. दुखत होतं तिथे थांबून श्वास सोडायचा, पुन्हा ओढायचं. मावशी गाणं म्हणत ओढत होत्या आणि मी ताल धरला होता. आज खांदा मागच्या आठवड्यापेक्षा वर गेला. बोटभरच, पण गेला.

पुढच्या वेळी त्या दोन मैत्रिणींना आणणार आहेत. एकीची कंबर, एकीची मान. आणि सकाळच्या योगाच्या वर्गाला एक लेक्चरर आणि एक सोसायटीचे सेक्रेटरीही आले. दोघांनाही ‘कुणीतरी’ नाव सांगितलं. लेक्चररची मुलगी नाच शिकते म्हणे. बाबा म्हणतात, तोंडी जाहिरात ती हीच.

२२ जून

जनीमावशी आज स्वतः अंबाडा घालून आल्या. वाकडा होता. सगळ्यांना मान वळवून वळवून दाखवत होत्या.

पण दिवस तिथे संपला नाही. सकाळी लेक्चरर दिपिका मॅडम आसनं करता करता म्हणाल्या, ‘लेकीचा क्लास बंद होतोय. अरुंधतीताई गुरुपौर्णिमेनंतर शिकवणार नाहीत.’

मी त्यांचं वीरभद्रासन अर्धवट सोडलं, बिचाऱ्या तशाच उभ्या राहिल्या. ताई आणि क्लास बंद? मुली कमी झाल्या असतील, दुसरं काय. तरी दुपारी लाइन आळीत गेले. इतक्या वर्षांनी. क्लास खाली आणि ताईंचं घर वरच्या मजल्यावर. घंटा वाजवली. बराच वेळ कुणी दार उघडेना. मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज, मग भिंतीवर हात घासल्याचा, मग एक पाऊल, आणि खूप वेळाने दुसरं.

ताईंनी दार उघडलं. घरात बोंबील तळल्याचा वास भरला होता.

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही गुडघे आतून झिजून धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. पनवेलमधल्या पोस्टमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांची चाल मला पाठ आहे. या एका माणसाच्या पायांकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. नेहमी चेहऱ्याकडे बघायचे, रागावल्यात का ते बघायला. ते स्टूल, आमचे तीन मजले, नाट्यगृहाच्या पायऱ्या, एकेक करून सगळं समोर आलं.

‘ताई, किती वर्षं?’

‘तू पडलीस त्याच्या आधीपासून.’

‘मला का नाही सांगितलं? जनीमावशींना पाठवलंत, दिपिका मॅडमना पाठवलंत...’

‘मी तुला म्हटलं होतं ना, शिकून ये? तू आलीसच नाहीस.’

मी तिथेच चपला काढायला लागले. ताई म्हणाल्या, ‘आत ये. बोंबील गार होतायत.’

२३ जून

ताईंचे एक्स-रे बघितले, गुडघे तपासले. गुरुदत्त सरांनाही फोटो पाठवले. ताई भयंकर पेशंट आहेत. कुठे दुखतं विचारलं की ‘कुठेच नाही’ म्हणतात आणि हात लावला की खुर्चीचा दांडा आवळतात.

शेवटी त्यांनी विचारलं. मला माहीत होतं, विचारणार.

‘आभा, मला पुन्हा अरमंडीत बसता येईल?’

काल रात्रीपासून मी गोड उत्तरं जमवत होते. बघू या, प्रयत्न करू या, सांगता येत नाही. ताई माझ्याकडे बघत होत्या, चुकीचा हात पडला की बघतात तशा.

‘नाही ताई.’

मीच पुढे बोलले. ऑपरेशन आज ना उद्या लागेलच. तोवर मांड्या बळकट करायच्या, दुखणं कमी होईल, जिना सुटसुटीत उतरता येईल. खुर्चीत बसून शिकवता येईल, अगदी हवं तितकी वर्षं.

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. डोळे पुसले नाहीत, फक्त दोनदा मिटले. मग म्हणाल्या, ‘सगळे मला तेलं सांगतात. कुणी एरंडेल, कुणी मोहरीचं. ‘नाही’ असं कुणीच म्हणालं नव्हतं.’ चष्मा लावला. ‘उद्या किती वाजता येऊ?’

१९ जुलै

दुपारच्या वर्गात आता जनीमावशी, त्यांच्या दोन मैत्रिणी आणि अरुंधतीताई. सगळ्यांचा योग खुर्च्यांवर. ताई पाय उचलताना श्वास धरून ठेवतात, अगदी माझ्यासारख्या.

‘सोडा मॅडम, सोडा वारा,’ जनीमावशी ओरडल्या, ‘नाय तर फुटाल.’

ताईंना असं बोलायची आजवर कुणाची हिंमत झाली नसेल. मी जमिनीकडे बघत राहिले. ताईंनी श्वास सोडला. मग म्हणाल्या, ‘जने, तुझी कोपरं बघ आधी.’

क्लास बंद होणार नाही. गुरुपौर्णिमेला त्यांनी खुर्चीत बसूनच मुलींचा नमस्कार घेतला. मला बोलावून सांगितलं, आणि ते सांगणं होतं, विचारणं नव्हतं: दर रविवारी क्लासची पहिली पंधरा मिनिटं माझी.

१४ सप्टेंबर

एक आई तक्रार घेऊन आली. नाच शिकायला पाठवलंय, ही पीटी कशाला? ताईंनी तिला समोर बसवलं, आपली साडी गुडघ्यांपर्यंत वर घेऊन दोन्ही पाय दाखवले आणि म्हणाल्या, ‘हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या मुलीला शिकवतेय.’ बाई उठली. जाताना मला विचारून गेली की मोठ्यांसाठी संध्याकाळी काही आहे का.

मग माझी पंधरा मिनिटं. दोन रांगा, सगळ्या छोट्या मुली, सगळ्यांचे गुडघे अजून कोरे. मी पुढे उभी राहून दाखवत होते: पाऊल असं, गुडघा बोटांच्या रेषेत, वजन टाचेवर, आता हळू खाली. किती वर्षांनी मी त्या फरशीवर होते. माझा ऑपरेशनचा गुडघा नीट वाकला. मुली डोळे फाडून माझ्या पायांकडे बघत होत्या आणि मीही माझ्या पायांकडेच बघत होते.

मागून खुर्चीतून आवाज आला, ‘आभा, हनुवटी.’

मी हनुवटी वर घेतली. दोन्ही रांगांतल्या सगळ्या मुलींनीही घेतली.